मिशनचा दवाखाना आणि जामखेडच्या बाया

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लातूरच्या माणसाला मिरज दोन कारणांनी ठाऊक आहे. नव्या पिढीला पाण्यामुळे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरचे नळ कोरडे पडले तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. स्टेशनवर लोक गाडीला हार घालायला गेले होते. पण माझ्या दादीच्या पिढीला मिरज माहीत होती ती दवाखान्यामुळे. "मिरजेला नेलं" एवढंच ती म्हणायची. त्यावरून दुखणं किती मोठं आहे ते कळायचं. पुढे काय झालं, हे विचारायला लोक बिचकत.

तेव्हा लातूरहून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी निघायची. कुर्डुवाडी, पंढरपूर करत ती १९२७ पासून थेट मिरजेपर्यंत जाऊ लागली. एकाच डब्यात विठोबाचे वारकरी आणि वानलेसच्या दवाखान्याचे रोगी. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. गाडी हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात जायची. पोटात गाठ झालेली बाई, डोळ्यात फूल पडलेला म्हातारा, हाडं वाकलेलं लेकरू, सगळे त्या गाडीच्या बाकांवर.

हा वानलेस कोण? विल्यम वानलेस, जन्म १८६५, कॅनडातला. प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि १८९४ मध्ये मिरजेत त्याचं इस्पितळ उभं राहिलं. पैसा आला अमेरिकेतून, फिलाडेल्फियाच्या एका उद्योगपतीच्या देणगीतून. वानलेसनं शस्त्रक्रिया तर केल्याच, पण १८९७ मध्ये इथल्या तरुणांना वैद्यकी शिकवायची शाळाही काढली. मला ती गोष्ट जास्त मोठी वाटते. परदेशातून आलेला डॉक्टर कधी ना कधी परत जातो. वानलेसही १९२८ मध्ये गेला, आणि १९३३ मध्ये अमेरिकेत वारला. सांगली-मिरजेच्या मधे वानलेसवाडी आजही आहे.

मिशनचं नाव काढलं की आपल्याकडे लगेच एक प्रश्न येतो. हे लोक धर्म वाढवायला आले होते ना? होय, आले होते. वानलेस आधी मिशनरी होता आणि मग सर्जन. त्या काळातल्या मिशनच्या लोकांनी आपला हेतू कधी झाकून ठेवला नाही, तेव्हा आपणही तो झाकू नये. मी मुसलमान आहे, माझा दीन मला प्यारा आहे आणि कोणी गोळीबरोबर आपला धर्म दिला तर मी गोळी घेऊन बाकीचं परत करीन. पण ज्याच्या लेकराला ताप चढलाय, त्याला हा हिशोब सुचत नाही. तो आधी दार कुणाचं उघडं आहे ते बघतो. आमच्याकडे तेव्हा उघडी दारं फार थोडी होती.

दार बंद ठेवणारेही आम्हीच होतो, हेही सांगितलं पाहिजे. १८९० च्या सुमाराची गोष्ट आहे, तमिळ मुलखातल्या तिंडिवनमची. आयडा स्कडर नावाची मिशनरी घरातली तरुण मुलगी अमेरिकेहून आईवडिलांना भेटायला आली होती. हिंदुस्थानात राहायचं नाही, हे तिनं पक्कं केलेलं. एका रात्री तीन माणसं एकामागून एक दाराशी आली. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. वडील डॉक्टर होते, पण परपुरुषाचा हात बायकोला लागू द्यायला एकही तयार नव्हता. त्यांना आयडा हवी होती, आणि आयडाला तर वैद्यकीतलं काही येत नव्हतं. सकाळपर्यंत तिघीही गेल्या. तिघांत दोघे उच्चवर्णीय हिंदू होते आणि एक मुसलमान. ही हकिगत वाचताना मी दर वेळी त्या तिसऱ्या माणसापाशी थांबतो. तो काही दुष्ट नसणार. भर रात्री बायकोसाठी मदत मागायला निघालेला माणूस दुष्ट कसा असेल? पण रिवाज त्याच्यापेक्षा मोठा होता.

आयडा अमेरिकेत परत गेली, १८९९ मध्ये डॉक्टर झाली आणि वेल्लोरला येऊन १९०० मध्ये तिनं दवाखाना थाटला. १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा निघाली, तेच आजचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. मुलांना तिथं प्रवेश मिळू लागला १९४७ पासून. आणि इथून आपली गोष्ट महाराष्ट्रात येते, कारण पन्नासच्या दशकात याच कॉलेजात नगर जिल्ह्यातल्या सुपा गावचा एक मुलगा शिकत होता, रजनीकांत आरोळे. त्याच्याबरोबर जबलपूरची मेबल होती. तिचे वडील ख्रिस्ती धर्मशास्त्राचे प्राध्यापक. १९६० मध्ये दोघांनी लग्न केलं आणि आयुष्य खेड्यातल्या, मागे पडलेल्या माणसांसाठी द्यायचं असं ठरवलं. लग्नात अशा शपथा पुष्कळ लोक घेतात. या दोघांनी ती पाळली, एवढाच फरक.

आधी ते नगर जिल्ह्यातच वडाळा इथल्या मिशनच्या दवाखान्यात गेले. दिवसरात्र काम. रोगी बरे होऊन घरी जायचे आणि थोड्या दिवसांनी तेच लेकरू तेच दुखणं घेऊन पुन्हा दारात. जुलाब, खोकला, खंगलेलं अंग. दवाखान्यात औषध मिळत होतं आणि गावातल्या आडात तेच पाणी होतं. एकाच फुटक्या माठात पाणी भरत राहावं तसं हे काम आहे, असं कुठल्याही शहाण्या डॉक्टरला वाटलं असतं. पुष्कळांना वाटतंही. पण ते आकडे बघत नाहीत, रांग बघतात. रांग मोठी असली की दवाखाना चांगला चालला म्हणायची आपल्याकडे रीत आहे.

आरोळे दांपत्य अमेरिकेत गेलं. तिथं पुढचं वैद्यक शिकून झाल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकलं. तिथं त्यांना गुरू भेटले कार्ल टेलर. हा माणूस म्हणायला अमेरिकन. मिशनरी आईबापांच्या पोटी, मसुरीजवळ जन्मलेला. पंजाबातल्या नारंगवालमध्ये त्यांनी गावातल्या मुलांच्या दुखण्यांवर घरच्या घरी उपचार करण्याचं मोठं काम केलेलं. जामखेडचा आराखडा या गुरुशिष्यांच्या संगतीत तयार झाला आणि १९७० मध्ये डॉक्टर दांपत्य परत आलं.

जामखेड का? कारण तिथं काही नव्हतं. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचं हे दक्षिण टोक. पलीकडे बीड, धाराशिव. कागदावर ते मराठवाड्यात नाही, पण ऊन तेच, ऊसतोडीला जाणारी माणसं तीच. जनावरांच्या जुन्या पडक्या दवाखान्यात यांनी माणसांचा दवाखाना सुरू केला. लगेच बहात्तरचा दुष्काळ आला. माझ्या वयाच्या लोकांनी त्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलो यांच्या गोष्टी ऐकलेल्या आहेत. जामखेडच्या भागात गावागावांत लेकरांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, आणि पाण्यासाठी विंधनविहिरी खोदल्या गेल्या. यातली एक युक्ती मला फार आवडते. विहीर शक्यतो दलित वस्तीत खणायची. पंप एकच, तोही तिकडे. मग तहानलेल्या वरच्या आळीनं काय करावं? कळशी घेऊन निमूट चालावं. अस्पृश्यतेवर मी कविता लिहिल्या आहेत, पण एकाही कवितेनं कुणाची कळशी उचलली गेल्याचं मला माहीत नाही.

आता मी लेकरांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

१९७१ मध्ये जामखेड भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत मरत. आमचं गाव औसा तालुक्यात, तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडे कुणी मोजलं नव्हतं, पण वेगळं नसणार. १९७९ च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण आठ महिन्यांची होती. तिला ढाळ लागले. घरातल्या आणि शेजारपाजारच्या सगळ्या बायकांना एक गोष्ट ठाऊक होती : ढाळ लागले की पाणी तोडायचं. आत घातलं की बाहेर येतं, तेव्हा आत घालूच नये. साधा हिशोब. तिची टाळू खोल गेली. दादीनं टाळूवर तेल घातलं, कारण टाळू पडणं हे वेगळं दुखणं आहे असा समज होता. अम्मीनं ओला बोळासुद्धा तिच्या ओठाला लावला नाही. लावावासा वाटत होता, पण लेकराचं वाईट होईल म्हणून ती मन घट्ट करून बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि कब्रस्तानात नेलं.

ज्या पाण्यानं ती वाचली असती ते घरात रांजणभर होतं. मीठ होतं. साखर ईदेसाठी डब्यात जपून ठेवलेली होती. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, घोट घोट. जुलाबानं लेकरू मरतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं. साखरेच्या सोबतीनं मीठ आतड्यातून अंगात शिरतं आणि पाण्याला आत ओढून घेतं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपांतून पाजून हजारोंना वाचवलं. विज्ञानाला ते कळलं होतं. अम्मीला ते कळवणारं कोणी नव्हतं.

कळवायचं कुणी, हा प्रश्न आरोळ्यांनाही पडला होता. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावात पाठवून पाहिल्या. ते जमलं नाही. परगावची तरुण मुलगी, पांढरा पोशाख, पुस्तकी बोली. गावातल्या सासवांनी तिचं का ऐकावं? मग गावकऱ्यांशी बोलताना वाट सापडली : गावातलीच बाई शिकवा. निवडलेल्या बायका पुष्कळदा निरक्षर होत्या. काही दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या, बहुतेकींना स्वतःच्या घरातही कोणी मोजत नव्हतं. आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, शिकायच्या. सगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, एकत्र निजायच्या. हे शिक्षण औषधाच्या आधीचं. बाळाचं वजन करणं, दंडाचा घेर मोजणं, नाळ कापायला नवं ब्लेड वापरणं, सहा महिन्यांनंतर मऊ खिचडी सुरू करणं, आणि ढाळ लागलं की पाणी तोडायचं नाही, पाजायचं. पगार नव्हता.

मेबलबाईंचा यात मोठा वाटा होता. बाईला बाईनं शिकवलं. आपल्याकडे अशा जोड्यांत पुरुषाचं नाव आधी घेतात आणि बाईचं मागून, म्हणून मुद्दाम सांगतो.

हिशोब असा : नव्वदच्या दशकापर्यंत या गावांतलं बालमरणाचं प्रमाण हजारी तिसाच्या खाली आलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि १९९० मध्ये पद्मभूषण किताब. १९७९ हे साल मला दोन वेळा आठवतं, दुसरं कारण सांगून झालं आहे.

या कामामागची माणसं म्हणजे दोन डॉक्टर, असं समजणं चूक ठरेल. मुक्ताबाई पोळ यांचं नाव घेतलं पाहिजे. जामखेडच्या गावांतल्या या आरोग्य सेविकेला १९८८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनला जागतिक आरोग्याच्या परिषदेत बोलवलं होतं. मोठमोठे तज्ज्ञ समोर. तिनं सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवलं आणि डॉक्टरांची तुलना झुंबराशी केली : लखलखीत, पण महाग आणि एका जागी टांगलेलं. स्वतःची तुलना पणतीशी. पणतीवरून पणती लावता येते, हे तिचं म्हणणं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी कवी आहे, उपमा जमवण्यात आयुष्य गेलं. ही माझ्याच्यानं झाली नसती, कारण तिनं ती शोधून काढली नव्हती, ती रोज ते काम करत होती.

जामखेडला मिशनकडून मिळालं, तसं जामखेडनंही जगाला दिलं. जागतिक चर्च परिषदेनं १९६८ मध्ये जिनिव्हात ख्रिश्चन मेडिकल कमिशन नेमलं होतं. मिशनची इस्पितळं जगभर आहेत, तरी आजूबाजूच्या वस्तीतली लेकरं मरतातच, याचं काय करायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांना जामखेडमध्ये उत्तर दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचं प्रकरण आहे. १९७८ मध्ये आल्मा आटा इथं प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला, त्यावर या विचाराची छाप आहे. मेबलबाईंनी पुढे युनिसेफच्या दक्षिण आशिया कार्यालयात काम केलं. आफ्रिका, आशिया, अमेरिकेतून डॉक्टर आणि कार्यकर्ते शिकायला जामखेडला येऊ लागले. परदेशी पाहुण्यांना शिकवणाऱ्यांत सही करायला नुकत्याच शिकलेल्या बायकाही होत्या.

मिशनच्या संस्थांची लेकरांसाठी काम करण्याची दुसरीही एक पद्धत आहे. परदेशातल्या एका कुटुंबानं इथल्या एका मुलाचा खर्च उचलायचा, महिन्याला पैसे पाठवायचे. अमेरिकेतली कम्पॅशन इंटरनॅशनल ही मोठी ख्रिस्ती संस्था भारतात असंच काम करायची. सरकारनं परदेशी निधीची परवानगी अडवल्यावर मार्च २०१७ मध्ये तिनं इथलं काम बंद केलं. सुमारे दीड लाख मुलं तिच्या यादीवर होती. सरकार बरोबर की संस्था, हा वाद वेगळा, आणि त्यात मी पडत नाही. मला दिसतं ते इतकंच की पैशाची नळी बंद झाली तेव्हा मुलांच्या हातात फारसं काही उरलं नाही. जामखेडच्या बाईला मीठ-साखरेचं प्रमाण येतं. ते कोणत्या परवानगीनं परत घेणार? शिवाय या बायका हिंदू होत्या, बौद्ध होत्या, मुसलमान होत्या, आणि तशाच राहिल्या.

जामखेडचं कौतुक करताना एक गोष्ट बाजूला ठेवून चालणार नाही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. जामखेडच्या प्रकल्पातली गावं आणि आसपासची इतर गावं यांची तुलना होती. पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पातल्या गावांत ३० टक्क्यांनी कमी निघाला. पण हा फरक पहिला महिना संपल्यावरचा. जन्मल्यापासूनच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत फरक दिसला नाही. महिनाभराचं लेकरू जुलाबानं आजारी पडलं तर मीठ-साखर पुरते. चार दिवसांचं, दीड किलोचं बाळ थंड पडतं, दूध ओढत नाही, त्याला जंतुदोष होतो, तेव्हा आणखी काही यावं लागतं.

ते आणखी काही गडचिरोलीत सापडलं. डॉ. अभय आणि राणी बंग हेही कार्ल टेलर यांचेच शिष्य. ते ख्रिस्ती मिशनचे नाहीत, गांधी-विनोबांच्या वाटेवरचे, पण गुरुबंधूच. ३९ गावांत त्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला गरम ठेवणं, श्वास अडला तर मोकळा करणं, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणं. तीन वर्षांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. २००५ मध्ये आशा योजना आली तेव्हा जामखेडसारख्या कामांचा अनुभव समोर होता, आणि २०११ पासून नवजात बाळाच्या घरभेटी देशभरच्या आशाताईंच्या कामात आल्या.

मी नांदेडला राहतो म्हणून हे सगळं सांगतोय. ३० सप्टेंबर २०२३ ला किल्लारीच्या भूकंपाला तीस वर्षं झाली. त्याच दिवसापासूनच्या चोवीस तासांत आमच्या शहरातल्या शासकीय रुग्णालयात २४ रोगी दगावले. त्यांत १२ नवजात बाळं होती. देशभर बातमी झाली. औषधं अपुरी, माणसं अपुरी, रोगी जागेपेक्षा जास्त, खाजगीतून शेवटच्या घटकेला पाठवलेले, अशी एकेक कारणं पुढे आली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. कोणतं कारण किती खरं, ते त्यांनी ठरवावं. पण त्या बारांपैकी प्रत्येक बाळ कुठल्या तरी गावात, तांड्यावर, मोहल्ल्यात जन्मापूर्वी नऊ महिने होतं. आईचं रक्त कमी आहे, बाळाची वाढ खुंटली आहे, हे तिथं दिसायला हवं असतं. इस्पितळाच्या दारात रिक्षा थांबते तोपर्यंत उशीर झालेला असतो.

तिथं आता आहे ती आशाताई. जामखेडच्या बाईची ती लेकच म्हणायची. मात्र जामखेडच्या बाईमागे डॉक्टर दर आठवड्याला बसायचे, तिचं ऐकायचे. आशाताईमागे रजिस्टरं असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मानधनासाठी राज्यभरच्या आशाताई मुंबईत आझाद मैदानावर थंडीउन्हात बसल्या होत्या, त्यांत आपल्या नांदेड-लातूरच्याही होत्या.

डॉ. मेबल आरोळे १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडचं काम त्यांची मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी पुढे चालवलं. आमच्या गल्लीत गेल्या हिवाळ्यात एका घरी वेळेआधीच मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर आशाताई नेमाप्रमाणे तिसऱ्या दिवशी आली. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. हातात पिशवी, पिशवीत थर्मामीटर आणि बाळाला झोळीत टांगायचा वजनकाटा. बाळाची नानी आधी कुरकुरली. ताईनं उत्तर दिलं नाही. साबणानं हात धुतले, पुसले, आणि बाळाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम केले.